चिकटवलेली मिशी आणि थंडीतला उपदेश

डिसेंबर उजाडला की आपल्या महाविद्यालयात दोन गोष्टींना ऊत येतो. एक खोट्या मिशा आणि दुसरी खरे उपदेश. मिशा येतात स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने. उपदेश येतात रस्ता सुरक्षेच्या निमित्ताने. पूर्वी रस्ता सुरक्षेचा जानेवारीत एक सप्ताह असे. २०२१ साली त्याचा महिना झाला, म्हणजे उपदेशाला चार आठवडे मोकळे रान मिळाले. मिशी बिचारी अजून तीन अंकांचीच धनीण आहे, आणि एकांकिका असेल तर तेवढीही नाही.

या दोन्ही वस्तूंचा एकमेकींशी काय संबंध, असे कुणी विचारील. मला तो फार जवळचा वाटतो. दोन्ही नाकाखालीच असतात, दोन्ही वरून चिकटवलेल्या असतात आणि कार्यक्रम संपला की खोबरेल लावून दोन्ही पुसून टाकता येतात. फरक एवढाच, की मिशी खोटी आहे हे सर्वांना ठाऊक असते. उपदेशाच्या बाबतीत तसे कुणी बोलून दाखवीत नाही.

आधी मिशीचे पाहू. आपल्या भाषेत मिशीइतका मान दुसऱ्या कुठल्या केसाला मिळालेला नाही. मिशीला पीळ द्यायचा, मिशीवर ताव मारायचा, आणि घरात चूल पेटलेली नसली तरी मिशीला तूप लावून गावभर हिंडायचे. मिसरूड फुटले की मुलगा मोठा झाला. याच अंकाच्या उत्तरार्धात आपले कन्नड विभागातले मित्र जिला 'मीसे' म्हणतात ती हीच बाई. सीमेच्या दोन्ही अंगांनी तिचा रुबाब सारखाच. मिशी म्हणजे वय, मिशी म्हणजे अधिकार, मिशी म्हणजे शब्दाला वजन, असा हा हिशेब आहे. म्हणूनच एकांकिकेत हवालदार, पाटील, सावकार आणि मुलीचा बाप या चौघांना मिशीवाचून रंगमंचावर प्रवेश नसतो. ज्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, त्या जिल्ह्यातली मुले आम्ही. पूर्वीच्या संगीत नाटकांतली थोर मंडळी स्त्रीभूमिकेसाठी खऱ्या मिशा उतरवीत. आम्ही पुरुषभूमिकेसाठी खोट्या चढवतो. कालाय तस्मै नमः!

पण खोट्या मिशीची खरी किमया दाखवली ती चार्ली चॅप्लिनने. स्वतः तो तुळतुळीत दाढीमिशीचा माणूस. वय अवघे चोविशीचे. चेहऱ्याला वय तर यावे, पण चेहऱ्यावरचे भाव झाकले जाऊ नयेत, म्हणून त्याने ती आखूड मिशी ओठावर चिकटवली, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. ही मिशी प्रेक्षकांनी प्रथम पाहिली ती ७ फेब्रुवारी १९१४ रोजी प्रदर्शित झालेल्या 'किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस' या छोट्या चित्रपटात. व्हेनिस म्हणजे इटलीतले नव्हे, कॅलिफोर्नियातले. तेथे पोरांच्या छोट्या गाड्यांची शर्यत चालली होती. जानेवारीच्या थंडीत चॅप्लिन त्या खऱ्या शर्यतीच्या रस्त्यावर कॅमेऱ्यापुढे येऊन उभा राहतो, त्याला हाकलतात, तो पुन्हा येतो, गाड्या बाजूने सुसाट जातात. सात-आठ मिनिटांच्या त्या चित्रपटात याहून वेगळे काही घडत नाही. जगातली सर्वांत प्रसिद्ध खोटी मिशी पहिल्यांदा लोकांसमोर आली ती भर थंडीत आणि वाहनांच्या वाटेत! म्हणजे माझ्या लेखाच्या विषयाला एक शतकाहून अधिक जुना आधार आहे, हे परीक्षक महाशयांनी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर हृषीकेश मुखर्जींचा १९७९ सालचा 'गोल माल' घ्या. उत्पल दत्त यांचा भवानीशंकर मिशी नसलेल्या माणसाला माणूसच समजत नाही. बिनमिशीचा म्हणजे बिनचारित्र्याचा, ही त्याची पक्की धारणा. अमोल पालेकरांच्या रामप्रसादची नोकरी मग एका चिकटवलेल्या मिशीवर तरते. आपण पोट धरून हसतो. पण हसताना हे विसरतो, की भवानीशंकर एकटा नाही. माणूस काय सांगतो यापेक्षा त्याच्या ओठावर काय आहे हे पाहणारे आपण सगळेच थोडेफार भवानीशंकर आहोत. व्यासपीठावर शाल, खुर्ची, बिल्ला किंवा पदवी दिसली की त्या तोंडातून निघालेला शब्द आपण तपासून घेत नाही. टाळ्या वाजवतो आणि कँटीनकडे वळतो.

आता थंडीतल्या वाहनचालकांना दिल्या जाणाऱ्या उपदेशाकडे वळू.

मोबाइलवर फिरत फिरत एक यादी दर वर्षी माझ्यापर्यंत येते. मथळा असतो, 'हिवाळ्यात गाडी चालवताना घ्यावयाची काळजी'. गाडीत एक घोंगडी ठेवा, एक फावडे ठेवा, चाकांना साखळ्या बांधा, काचेवरचे बर्फ खरवडायला खरवडणी ठेवा, रेडिएटरमध्ये गोठणरोधक द्रव घाला. बेळगांव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे हे खरे, आणि जानेवारीच्या पहाटे टिळकवाडीत दातावर दात वाजतात हेही खरे. पण पारा फार खाली गेला तरी दहाच्या आसपास रेंगाळतो. आमच्याकडे फावडे कामाला येते ते खड्डे बुजवायला, आणि तेही कुणी मनावर घेतले तर. थंड देशातल्या माणसाने थंड देशातल्या माणसासाठी केलेली ही यादी वाईट नाही. त्याच्या रस्त्यावर ती जीव वाचवते. आमच्या रस्त्यावर ती चिकटवलेली मिशी आहे.

दुसरा उपदेश घरचा, पण तोही शिळा. सकाळी चोक ओढा, गाडी पाच मिनिटे जागेवर गरम करा, मग निघा. वडिलांच्या स्कूटरला हे लागू होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या, इंधन फवाऱ्याने जाऊ लागले आणि चोक इतिहासजमा झाला. तरी भाषणात चोक अजून ओढला जातो.

तिसरा उपदेश व्यासपीठावरचा. 'युवकांनी वेग आवरावा, कारण युवक हे राष्ट्राचे भवितव्य आहे.' त्यावर काय बोलणार? वेग आवरावा हे सोळा आणे खरे आहे. पण किती आवरावा, कुठे आवरावा आणि का, हे कुणी सांगत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पाहुण्यांची मोटार मग मागच्या दाराने निघते, ती फाटकापाशी दुभाजकाच्या उलट्या बाजूने.

थट्टा पुरे. आमच्या हिवाळ्याला स्वतःचे धोके आहेत आणि ते फावड्याच्या यादीत नाहीत. ते सांगितले पाहिजेत.

पहिला धोका धुक्याचा. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि लांब रात्र असली की जमीन आपली उष्णता वर सोडून देते, तिला लागून असलेली हवा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. नदीकाठच्या, ओढ्याच्या आणि पाणी पाजलेल्या उसाच्या सखल भागात हे अधिक घडते. म्हणून पहाटे हिरण्यकेशीच्या किंवा घटप्रभेच्या पुलावर रस्ता एकाएकी नाहीसा होतो आणि पलीकडच्या चढाला पुन्हा सापडतो. चोर्ल्याच्या, आंबोलीच्या आणि वंटमुरीच्या घाटवळणांवर काय होते ते जाणाऱ्या-येणाऱ्याने अनुभवलेले असते. अशा वेळी पुष्कळजण मोठा दिवा लावतात. तो लावू नये. समोरचे थेंब तो प्रकाश उलट आपल्याच डोळ्यांत फेकतात आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. दिवा खाली पाडावा, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरावी.

आणि वेग? येथे गणिताच्या सरांची आठवण काढू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पुढे काही आहे हे डोळ्यांना कळून हात-पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद गेला असे धरा. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच १७ मीटर संपले. त्यानंतर चांगल्या, कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी २० मीटर घेते. झाले ३७. धुक्यात ३० मीटरच दिसत असेल तर उरलेले ७ मीटर कुणाच्या तरी पाठीत जातात. तीच गाडी ताशी ४० ने चालली असती तर साधारण २० मीटरांत उभी राहिली असती. 'हळू चालवा' या दोन शब्दांचा अर्थ असा आहे: जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे. भाषणात एवढे एक वाक्य सांगितले तरी हार-तुऱ्यांचे पैसे वसूल होतील.

दुसरा धोका हेल्मेटच्या आतला. थंडीत आपलाच श्वास काचेवर बसतो, काच धूसर होते आणि मग मुले काच वर करतात किंवा हेल्मेट काढून कोपरात अडकवतात. त्यावर कानांना मफलर. म्हणजे डोळेही बंद आणि कानही. काच बोटभर उघडी ठेवली आणि मफलर नाकावरून खाली घेतला की पुष्कळ काम होते. मोटारवाल्यांनी आतल्या काचेवर वातानुकूलनाची कोरडी हवा सोडावी. हातरुमालाने काच पुसत पुसत घाट उतरू नये.

तिसरा धोका खास आपल्या मातीतला. सुगीच्या दिवसांत नाचणी, ज्वारी, हुलगे डांबरी रस्त्यावर पसरलेले असतात. जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांनी फुकटात मळणी होते. शेतकऱ्याला खळे करायला जागा आणि माणूस मिळत नाही, त्याची अडचण मला कळते. पण त्या काडावर दुचाकीचे चाक साबणावर गेल्यासारखे जाते, हेही तितकेच खरे. तेथे ब्रेक दाबू नये, वळू नये. वेग अगोदरच उतरवून सरळ जावे.

चौथा धोका सर्वांत मोठा. त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू होतो. अथणी, रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी, गोकाक, जिकडे पाहाल तिकडे उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर माथ्यापर्यंत ऊस, आणि मागे शेपटासारखे लोंबणारे वाडे. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक कमी होते, म्हणून ही वाहतूक रात्रभर चालते. मागचा दिवा मुळात असला तर वाड्याखाली झाकलेला, आणि वायर तुटली असेल तर तोही नाही. उसाचा रंग रात्री अंधाराचाच असतो. ट्रॉलीचा आस मोडला की ती रस्त्यातच उभी राहते. मागे चार दगड आणि एक झाडाची फांदी ठेवली की आपल्याकडे तिला संरक्षण मिळाले असे समजतात. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड मात्र तेथेच राहतात, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याची वाट पाहत.

आपल्या महाविद्यालयातली किती मुले खेड्यांतून दुचाकीने येतात, हे सायकल स्टँडवर उभे राहून कुणीही मोजावे. स्नेहसंमेलनाच्या तालमी रात्री दहा-अकराला संपतात. शेवटची बस गेलेली असते. ओठावरची मिशी तशीच ठेवून, 'घरी जाऊन काढू' म्हणत दोघे-दोघे एका गाडीवर निघतात. सगळे हसतात. घरी आई जागी असते. सकाळी निघताना तिने सांगितलेले असते, 'सावकाश जा रे बाबा.' आणि रस्त्यात कुठेतरी, धुक्यात, दिवा नसलेली ट्रॉली उभी असते. मुलगा सावकाश येतही असेल. पण जी वस्तू दिसतच नाही तिच्यासमोर सावकाशीचा काय उपयोग?

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हे आकडे वाचून आपण 'अरेरे' म्हणतो आणि पुन्हा दुचाकीवाल्यालाच उपदेश करतो. मला तक्रार करायची आहे ती हीच. आपला सगळा उपदेश चालवणाऱ्याला आहे. उभ्या असलेल्याला, लादणाऱ्याला, रस्ता बांधणाऱ्याला आणि दिवा न बसवणाऱ्याला उपदेश करणारे भाषण मी अजून ऐकलेले नाही. चालवणाऱ्याला बोलणे सोपे असते. तो तरुण असतो, समोर बसलेला असतो आणि उलटून बोलत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ट्रॅक्टरवाला काही चैनीने रात्रभर जागत नाही. त्याला खेपेवर पैसे मिळतात. कारखान्याच्या आवारात तासन्‌तास रांगेत उभे राहायचे, मग पुन्हा फडावर जायचे. बीडकडून, विजापूरकडून आलेली तोडणीची कुटुंबे पोराबाळांसह त्याच ट्रॉलीवर बसून एका फडावरून दुसऱ्या फडावर जातात. गरिबावर आणखी एक दंड बसवा, असे माझे म्हणणे नाही. उलट, मागून येऊन कुणी आदळले तर त्या ट्रॉलीवरचे लेकरूही वाचत नाही. म्हणून ट्रॉलीची पाठ दिसली पाहिजे, हे त्याच्याही हिताचे आहे.

आणि ती दिसायला लागते काय? लाल परावर्तक पट्टी. तिला वायर नको, बॅटरी नको. मागून येणाऱ्याच्या दिव्याचा उजेड ती त्याच्याकडेच परत पाठवते, आणि काळा ऊस दिसण्याच्या कितीतरी आधी तांबडी रेघ दिसते. १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परावर्तकांची तरतूद आहेच. म्हणजे नवा कायदा नको, नवी समिती तर मुळीच नको. पट्टी फक्त अशी लावायला हवी, की लोंबणाऱ्या वाड्याने ती झाकली जाणार नाही. म्हणजे चाकाच्या वरच्या आडव्या पट्टीवर आणि ट्रॉलीच्या दोन्ही कडांवर, चिखल पुसून.

या भागात फलक कुठल्या भाषेत असावा यावर आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत, आणि बोलावे. तो प्रश्न खोटा नाही. पण लाल पट्टी मराठीही बोलत नाही आणि कन्नडही बोलत नाही. ती दोघांना कळते. घाटातल्या कन्नड फलकावर 'अपघात वलय' असते, आपण 'अपघात क्षेत्र' म्हणतो. अपघात हा शब्द दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून प्राचार्य महोदयांना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या अधिकाऱ्यांना माझी नम्र सूचना आहे. येत्या जानेवारीत व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, शाल आणि श्रीफळ यांना एक वर्ष विश्रांती द्यावी. त्या पैशांच्या लाल पट्ट्या घ्याव्यात. आपले सात दिवसांचे हिवाळी शिबिर कुठल्या ना कुठल्या उसाच्या गावात असतेच. त्यातली एक संध्याकाळ कारखान्याबाहेरच्या रांगेत काढावी. तेथे ट्रॅक्टर उभेच असतात, चालकांना वेळच वेळ असतो, आणि चहा कोण पाजतो एवढाच प्रश्न उरतो. मराठी विभागाने पट्टी कापावी, कन्नड विभागाने चिखल पुसावा, किंवा उलट. सोबत झाडूही न्यावेत. वाटेत मागे राहिलेले दगड दिसले तर बाजूला सारावेत. त्याला तर पैसेही लागत नाहीत.

नाटकाच्या मंडळींनाही एक विनंती आहे. शिबिरात यावे आणि मिशा लावून यावे. हवालदाराची मिशी लावलेल्या मुलाने 'ओ मामा, जरा पाठ दाखवा की तुमची' म्हटले तर ट्रॅक्टरवाला हसेल, आणि हसलेला माणूस नाही म्हणत नाही. खऱ्या हवालदाराला पाहून तो चावी काढून शेतात पळेल. खोटी मिशी येथे उपयोगी पडते ती अशी. ती कुणाला भिवडवीत नाही. चॅप्लिनला ही गोष्ट फार लवकर कळली होती.

गाळप हंगाम मार्चपर्यंत चालतो, म्हणजे हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हाही ट्रॉल्या रस्त्यावर असतील. पट्ट्यांसाठी नावे देण्याची वही मराठी विभागाच्या सूचनाफलकाखाली ठेवावी, अशी परवानगी मी मागितली आहे. पहिले नाव माझे आहे. आणखी वीस नावे मिळाली तर एका संध्याकाळचे काम होईल.